छडी टाकल्यावर हातात काय?

मा. संपादक,
स. न.

मुलांना उठाबशा काढायला लावल्या किंवा उन्हात उभे केले अशी बातमी आली की एक गट 'आम्ही मार खाऊनच घडलो' म्हणतो आणि दुसरा शिक्षकाचे निलंबन मागतो. छडी टाकल्यावर वर्ग कसा सांभाळायचा, हे मात्र शिक्षकाला कोणी सांगत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि नेमका हाच भाग विसरला जातो. 'ढ' म्हणणे, परिपाठात कमी गुणवाल्यांची नावे वाचणे, आईबापाच्या कामावरून टोमणा मारणे हा छळच आहे. कलम १६नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे 'दाखला हातात देईन' ही धमकी पोकळ ठरते. नववी-दहावीची मुले या कायद्याच्या चौदा वर्षांच्या मर्यादेपुढची असली तरी शिक्षकाला मारायची मोकळीक मिळत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो.

मार किंवा अपमान न करता लावलेली 'सकारात्मक शिस्त' म्हणजे लाड नव्हेत. तिला छडीपेक्षा जास्त तयारी लागते. डायरीत छापलेले वीस-बावीस नियम कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गाने बसून चार-पाच नियम ठरवावेत आणि काय करायचे ते त्यांत लिहावे. 'गोंगाट करू नका' यापेक्षा 'एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील' हे मुलाला नीट कळते. मग खिचडीची रांग, प्रयोगशाळेत जाणे, तास बदलणे यांचा कवायतीसारखा सराव घ्यावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर घडी विस्कटलेली असते, तेव्हा पुन्हा दोन दिवस द्यावेत.

चूक झाल्यावर जे करायला लावायचे त्याचा चुकीशी संबंध हवा. बाकावर कर्कटकाने नाव कोरले, तर पॉलिश पेपरने बाक घासून द्यायचा. दुसऱ्याचे पुस्तक फाडले, तर त्याच्याच शेजारी बसून ते चिकटवायचे. पाढे शंभर वेळा लिहायला लावले की मुलाला पाढ्यांचाच तिटकारा येतो. खेळाचा तास काढून घेतला जातो तो बहुधा सर्वांत चुळबुळ्या मुलाचा, आणि त्या तासाची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. सगळ्या वर्गाला शिक्षा केली तर वर्ग शिक्षकाविरुद्ध एक होतो आणि चूक करणारा त्यात लपून जातो.

मारामारी झाली तर आधी दोघांना वेगळे करावे, पाणी द्यावे, दहा मिनिटे जाऊ द्यावीत. 'का केलंस?' विचारू नये. त्यावर मूल गप्प बसते किंवा खोटे बोलते. 'काय झालं? कोणाला त्रास झाला? आता तू काय करणार?' हे तीन प्रश्न प्रत्येकाला एकट्याने विचारावेत, ठरलेले लिहून घ्यावे आणि तिसऱ्या दिवशी ते झाले का ते पाहावे. शेवटची पायरी बहुतेक वेळा राहून जाते आणि आधीची मेहनत तिथेच वाया जाते.

उशिराची नोंद करताना कारणाचाही रकाना हवा. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होते: एसटी, धाकटे भावंड, पाण्याची पाळी. बस रोज वीस मिनिटे उशिरा येत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीने आगारप्रमुखांना पत्र द्यावे. मुलाला दाराबाहेर उभे करून बस वेळेवर येत नाही. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात तिथेच भरणारी शाळा, काढली होती. आधी कारण शोधण्याची ही रीत आपल्याच मातीतली आहे.

जबाबदारी म्हणजे खडू घेऊन फळ्यावर नावे लिहिणारा वर्गमंत्री, हे बंद व्हावे. त्यातून फक्त चुगल्या वाढतात. दिवे-पंखे, पाण्याचा नळ, पुस्तकांची नोंद, ताटांची मोजणी अशी कामे दर पंधरा दिवसांनी फिरवावीत, आणि हुशार मुलांपुरती ठेवू नयेत. सफाईही पाळीने सर्वांनी करावी. ती शिक्षा म्हणून दिली की ते काम हलके ठरते. पहिल्या चुकीला काम काढून घेतले तर मूल त्यातून काहीच शिकत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. सहावी ते आठवीसाठी कायद्याने ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. साठ-सत्तरच्या वर्गात हे फार अवघड जाते, हे मान्य. म्हणूनच मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात वर्गशिक्षकाला आठवड्याला एक तास फक्त यासाठी द्यावा आणि तो बदली तासात जाऊ देऊ नये. पालकांनाही एक विनंती आहे. शाळेची चिठ्ठी आली म्हणून घरी मारू नका. मार बसला की पुढची चिठ्ठी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

– एक माध्यमिक शिक्षिका, सांगली