त्या शिक्षकाबद्दल एक ओळ तरी हवी होती

मा. संपादक,
स. न.

ब्रिटनमधल्या चार्ल्स ब्रॉन्सन या खऱ्या कैद्यावरच्या ‘ब्रॉन्सन’ या चित्रपटाबद्दलचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ब्रॉन्सनची भूमिका करणाऱ्या टॉम हार्डीचं कौतुक रास्तच आहे. रंगमंचावर उभा राहून तो अर्ध्या चेहऱ्याने कैदी होतो, मान वळवली की रंगवलेल्या अर्ध्या चेहऱ्याने नर्स. नाटकवाल्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. निकोलस विंडिंग रेफन या दिग्दर्शकाने कैद्याच्या हिंसेला दुःखी बालपणाची सबब जोडली नाही, हेही मला पटलं. साध्या, सभ्य घरातला मायकेल पीटरसन (हाच पुढे ब्रॉन्सन झाला) १९७४ मध्ये पोस्ट ऑफिस लुटतो, हाती जेमतेम २६ पौंड लागतात. शिक्षा सात वर्षांची. पण आत मारामाऱ्या करून तो ती वाढवतच नेतो.

माझी तक्रार चित्रपटाच्या शेवटच्या भागाबद्दल आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. ब्रॉन्सन तुरुंगातल्या चित्रकला शिक्षकाला बांधतो, त्याचा चेहरा रंगवतो, तोंडात सफरचंद कोंबतो. चित्रपटातले हे शिक्षक भाबडे, अघळपघळ बोलणारे दाखवलेत, त्यामुळे त्यांची ही गत बघून हसू येतं. पण हे नुसतं कल्पनेतलं नाही हो! १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरातल्या तुरुंगात ब्रॉन्सनने खरोखरच चित्रकला शिक्षकाला ओलीस धरलं, तेही ४४ तास. कारण? त्याच्या एका चित्रावर शिक्षकाने टीका केली होती. याच गुन्ह्यासाठी २००० मध्ये त्याला जन्मठेप झाली.

मी शाळेत चित्रकला शिकवत आलो. कागद छातीशी धरून मूल समोर उभं राहतं, डोळे आपल्या तोंडाकडे. “हाताची बोटं जमली नाहीत, पुन्हा काढ,” हे त्याला सांगावंच लागतं, नाहीतर शिकवलं काय? तुरुंगातल्या त्या माणसाने एवढंच केलं होतं. पुढे कैद्यावर चित्रपट निघाला, त्याच्या चित्रांना बक्षिसं मिळाली, २०२३ मध्ये त्याच्या पॅरोलची सुनावणी जाहीरपणे झाली (पॅरोल नाकारला गेला), तेव्हाही बातम्यांत तोच होता.

दिग्दर्शकाला आता काय सांगणार! पण लेखकाने त्या शिक्षकाबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. आपल्याकडेही तुरुंगात जाऊन कैद्यांना शिकवणारी माणसं आहेत. पुरवणीचं एक पान त्यांना द्यावं, ही विनंती.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, सांगली