‘छायाचित्रण सहल’ म्हणून विकलेल्या श्रीलंका सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सप्टेंबरमधील आठ दिवसांच्या ‘श्रीलंका : दोघांसाठी छायाचित्रण सहल’ मधील त्रुटी, अंशतः परतावा आणि सहलपत्रकातील दुरुस्ती

महोदय/महोदया,

हॉटेले स्वच्छ होती, चालक सभ्य आणि वेळेचा पक्का होता, जेवणाबद्दलही काही म्हणायचे नाही. सहल साध्या स्थलदर्शनाची असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण आपण छायाचित्रणासाठी वेगळे पॅकेज म्हणून ती विकली आणि माणशी 18,000 रुपये जादा घेतले. त्या पैशांत हंगाम, उजेड आणि बसायची जागा यांचा विचार व्हायला हवा होता. तो कुठेच झालेला नाही.

आधी हंगाम. सप्टेंबरच्या सहलीत आपण ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचे देवमासे छापले आहेत. ‘याला’ उद्यानाचा पर्यटकांसाठीचा मुख्य भाग पाणीटंचाईमुळे बहुतेक वर्षी 1 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर बंद असतो. मिरिस्साचा देवमाशांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. जूनमध्ये पैसे भरून घेताना हे दोन्ही ठाऊक असायला हवे होते. आम्हाला ते कोलंबोत उतरल्यावर कळवले, तेही ‘ऐनवेळचा बदल’ म्हणून. ‘याला’ऐवजी उडावलवे हे उद्यान दिले. तिथे हत्ती भरपूर, पण बिबट्या क्वचितच दिसतो. त्यामुळे ही बदली जागा बरोबरीची धरता येणार नाही.

आमची सर्वांत मोठी तक्रार तिसऱ्या दिवसाची आहे. त्या दिवशी साडेनऊला सिगिरियाजवळच्या ‘पिदुरंगला’ या खडकावर चढायचे ठेवले आणि त्याआधी, म्हणजे सकाळी सहाला, काहीच नव्हते. सिगिरियाचा सुमारे 200 मीटर उंच खडक समोरून टिपायचा तर जागा पिदुरंगलाचीच. तिथून सिगिरिया दक्षिणेला येतो, म्हणजे सकाळचे ऊन डावीकडून पडते आणि खडकाच्या प्रत्येक घडीला सावली मिळते. सप्टेंबरात तिथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तो फारसा न कलता सरळ वर चढतो, तासाला साधारण 15 अंश. साडेनऊला तो क्षितिजापासून 50 अंशांवर असतो. तेव्हा खडकाच्या बाजू सपाट दिसतात आणि खालच्या रानावर पांढुरके धुरकट ऊन पसरलेले असते. पहाटेचा रंग वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. तो हवा असेल तर पाचला पायथ्याशी पोचून विजेरी घेऊन चढावे लागते. अर्धा-पाऊण तास लागतो आणि शेवटचा टप्पा मोठमोठ्या शिळांवरून हाताने धरून चढायचा असल्याने दोन्ही हात मोकळे हवेत. यातले एक अक्षरही पत्रकात नाही.

तसेच मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानाचे. जुलै ते ऑक्टोबर तलावाचे पाणी आटते, उघड्या पात्रात कोवळे गवत येते आणि हत्तींचे कळप तिकडे जमतात. पण ते बाहेर पडतात दुपारी तीन-चारनंतर. उन्हाच्या वेळी रानातल्या सावलीत थांबतात. आपण सफारी ठेवली दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक! पहाटे पिदुरंगला आणि त्याच दुपारी मिन्नेरिया असे लावले असते तर गाडी, चालक, प्रवेशशुल्क यांपैकी कशाचाच खर्च वाढला नसता. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. म्हणून ही चूक आम्ही किरकोळ मानत नाही.

जीपमध्येही ‘दोघांना स्वतंत्र रांग’ असे लेखी असताना सहा जण बसवले. रांगेत तीन माणसे बसली की मधल्याला दोन्हीकडून डोकी दिसतात. हत्ती डावीकडे आला तर उजवीकडच्याचा कॅमेरा निकामी. दोन माणसांना एक रांग मिळाली तर दोघेही सरकून कुठल्याही बाजूने फोटो घेऊ शकतात. जीपमध्ये तिकाटणे (ट्रायपॉड) उपयोगाचे नसते, कारण इंजिन चालू असले की त्याची थरथर वर चढते. जाड कापडाची रिकामी पिशवी नेऊन तिथे दोन किलो तांदूळ भरून जीपच्या गजावर ठेवली की 400 मिमीची लेन्स स्थिर राहते. ‘छायाचित्रण साहित्य पुरवू’ असे म्हणणाऱ्या कंपनीकडे अशी एक पिशवीही नव्हती.

कँडी ते एल्ला हा सुमारे सात तासांचा रेल्वेप्रवास चहाच्या मळ्यांतून जातो. त्यासाठी आपण पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा काढला आणि पत्रकात त्याला ‘उत्तम सोय’ म्हटले. त्या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. काचेतून घेतलेल्या फोटोत आतले दिवे आणि आपलाच शर्ट उमटतो. दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित डब्यात खिडकी उघडते आणि तिकीटही स्वस्त असते. वर आपल्या मार्गदर्शकाने, जोडप्याचा फोटो छान येतो म्हणून, दारातून बाहेर लोंबकळायला सुचवले. या मार्गावर बोगदे आहेत, खांब रुळाला अगदी लागून आहेत आणि अशा फोटोंपायी माणसे दगावली आहेत. हा सल्ला तातडीने बंद करावा.

आता आपल्या ‘पूर्वतयारी पत्रका’बद्दल. त्यात लिहिले आहे : ‘रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत उघडा ठेवा, दमटपणा लागत नाही.’ याचे पहाटे काय होते ते पाहा. खोली 19 अंशांवर, बाहेर 25 अंश आणि हवा ओलीचिंब. कॅमेरा दाराबाहेर काढताच पुढच्या काचेवर पांढरी साय धरते, फिल्टरच्या कडेला बारीक थेंब जमतात आणि फडक्याने पुसले तर ओघळ उठून पुन्हा धुके बसते. जड लेन्स मोकळी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात सूर्योदय संपलेला असतो. घाईने लेन्स काढली तर ओल सेन्सरवर बसते. खरा उपाय साधा आहे : निजताना कॅमेरा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत बंद करावा, निघण्याच्या तासभर आधी पिशवी बाल्कनीत ठेवावी आणि कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावरच ती उघडावी. ओली लेन्स तशीच बॅगेत गेली तर घरी येऊन काही आठवड्यांत काचेवर बुरशीचे धागे दिसू लागतात.

पत्रकाच्या मुखपृष्ठावर एक जोडपे बुद्धमूर्तीकडे पाठ करून हसताना दाखवले आहे. श्रीलंकेत हा अनादर मानला जातो. 2012 मध्ये मूर्तीचे चुंबन घेतानाच्या फोटोंवरून तीन फ्रेंच पर्यटकांना गॉलच्या न्यायालयाने निलंबित कैदेची शिक्षा दिली होती. आपल्या चित्राचे पाहून कुणी तशी पोझ दिली तर अडचणीत ते येतील.

आमच्या मागण्या अशा : छायाचित्रणासाठी घेतलेले दोघांचे 36,000 रुपये, तसेच न झालेल्या ‘याला’ सफारीची आणि मिरिस्साच्या बोटीची रक्कम परत करावी. सप्टेंबरच्या सहलीतून ही दोन नावे काढावीत. पूर्वतयारी पत्रकातला एसीचा सल्ला आणि मुखपृष्ठ बदलावे. पुढच्या तुकडीला निघण्यापूर्वी दुरुस्त पत्रक मिळाले पाहिजे, कारण त्यांचेही पैसे आपण भरून घेतले आहेत.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवर पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे करारातली ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ ही ओळ आम्हाला अडवू शकत नाही.

आपले,
सहलीतील दोन ग्राहक (पती-पत्नी), पुणे

सोबत : पावती, मूळ आणि बदललेले सहलपत्रक, वेळेच्या नोंदीसह 14 छायाचित्रे