सव्वा महिना पाळा, पण बाळंतिणीचं पाणी तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाळंतिणींच्या घरून ठरावीक तक्रारी येऊ लागतात. पाचव्या-सहाव्या दिवशी लघवीला जळजळ, शौचाला खडा झाल्यामुळे टाक्यांवर ताण, अंगात कसकस आणि दूध पुरत नाही. चौकशी केली की कारण बहुधा उशाजवळच्या तांब्यात सापडतं. पाणी प्यायलं की पोट सुटतं, टाके पिकतात, बाळाला सर्दी होते, अशा समजुतीनं दिवसभरात दोन-तीन पेले पाणी, तेही मोजून दिलेलं असतं.

आम्ही घरोघरी बाळंतिणींच्या भेटी घेणाऱ्या परिचारिका आणि आशा आहोत. सव्वा महिन्याची चाल मोडा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. ती फार शहाणपणाची सोय आहे. दवाखानाही सहा आठवडे म्हणजे 42 दिवस सांभाळायला सांगतो. आमचा आक्षेप त्यातल्या दोनच गोष्टींना आहे: पाणी तोडणं आणि बंद खोलीतली शेगडी.

बाळंतपणानंतर पोट मोठं दिसतं ते गर्भपिशवी अजून आकसलेली नसते आणि स्नायू ताणलेले असतात म्हणून. पिशवी रोज साधारण बोटभर खाली उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत वरून हाताला लागेनाशी होते. पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या याच आकसण्याच्या. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. पाजणाऱ्या आईला उन्हाळ्यात तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं. मोजत बसण्यापेक्षा बाळाला घेताना दर वेळी एक मोठा पेला पाणी हाताशी ठेवावा. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजावं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा साठवलेलं पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवा. प्यायलाही तेच आणि टाके धुवायलाही तेच, कोमट करून. धुताना हात पुढून मागे न्यायचा आणि जागा टिपून कोरडी करायची.

शेगडीचं तर फारच जपायला हवं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि दमली आहे म्हणून झोपली असं घरच्यांना वाटतं. सिझर झालेल्या बाईच्या टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, त्यामुळे शेकताना भाजलेलं तिला कळत नाही. वावडिंग-ओव्याची धुरी बाळाच्या श्वासनलिकेला झोंबते. तेल लावून अंग चोळा, कोमट पाण्यानं न्हाऊ घाला, मात्र सिझर झालेलीचं पोट चोळू नका. बाळाला उन्हाळ्यात एक पातळ सुती झबलं पुरतं. टोपडं, मोजे, दुपटं आणि वर गोधडी असं बांधून ठेवलं की त्याला ताप चढतो. उन्हाळा असला तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, गुटी किंवा मध तर नकोच.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी आणि पुढे पांढरट-पिवळं होत चार ते सहा आठवड्यांत थांबतं. एका तासात एक पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढी गाठ पडली किंवा घाण वास आला, तर घरी थांबू नका. 100.4 च्या वर ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणंही तशीच. गरोदरपणात रक्तदाब नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो पहिल्यांदाच वाढू शकतो आणि झटकेही येऊ शकतात. 108 ला फोन करा. पॅडऐवजी जुनं सुती कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन थेट उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून छाती दगडासारखी होते. इथे हटकून होणारी चूक म्हणजे दुखतं म्हणून त्या बाजूला पाजणंच बंद करणं. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट फडकं ठेवा, चमचा-दोन चमचे दूध हातानं काढा, म्हणजे बोंडाभोवतीचा काळा भाग मऊ होतो. मग नुसतं बोंड न देता काळ्या भागासकट तोंडात द्या. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा. लाल चट्टा आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पाजणं मात्र चालूच ठेवा.

खाण्याच्या बाबतीत आपली ज्वारीची भाकरी, शेपू, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू उत्तमच आहेत. रोजच्यापेक्षा एक-दीड भाकरी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे जास्त खाल्ले की पुरतं. लोहाची गोळी 180 दिवस घ्यायची, पण चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नये.

मनाचं कोणी विचारतच नाही. तिसऱ्या दिवसापासून विनाकारण रडू येतं आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी टिकली, बाळ झोपलेलं असतानाही हिला झोप येत नसली, तर ती दृष्ट नव्हे, बाहेरचंही नव्हे. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. भास होऊ लागले, असंबद्ध बोलू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि बाळाजवळ तिला एकटी सोडू नका. मुलगी झाली म्हणून बोलणाऱ्या पाहुण्यांना घरच्यांनी दारातच थांबवावं. आणि रात्री पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं नवऱ्यानं करावं. बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळाली तर दुसऱ्या दिवशी तिचा चेहराच वेगळा असतो.

विडी वळणाऱ्या बायकांचं दुखणं निराळं आहे. मजुरी हजार विड्यांमागे असल्यानं हात थांबला की पैसा थांबतो, म्हणून पंधराव्या दिवशी मांडीवर एकीकडे तंबाखूचं सूप आणि दुसरीकडे बाळ असं चित्र दिसतं. तासन्‌तास मांडी घालून बसल्यानं टाके आणि कंबर दोन्ही धरतात. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि दुधात उतरतं. सहा आठवडे सूप लांबच हवं. बसणं अगदीच भाग पडलं तर पाजण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, अंगावरचं लुगडं बदला आणि तंबाखू दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये मिळतात, पण 3000 गरोदरपणात आणि उरलेले 2000 बाळाच्या लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर, म्हणजे साडेतीन महिन्यांनी. ज्या सहा आठवड्यांत चूल चालवायची पंचाईत असते ते मधेच कोरडे जातात. हा हप्ता बाळंतपणानंतर लगेच मिळावा.

आणखी एक त्रुटी माहेराची. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं. नोंद सासरच्या पत्त्यावर आणि बाळंतीण अक्कलकोट किंवा मोहोळकडच्या माहेरी, मग सहाही भेटी हुकतात. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आमची मागणी आहे की, घरी सोडताना प्रत्येक बाळंतिणीला 'सव्वा महिना कुठे राहणार?' हे विचारावं आणि त्या गावच्या आशाचा फोन नंबर तिच्या कार्डावर तिथेच लिहून द्यावा. वर दिलेली धोक्याची लक्षणंही त्याच कार्डावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापावीत. तोवर घरच्यांनी निघण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरकडून तो नंबर मागून घ्यावा.

आपल्या,
बाळंतिणींच्या गृहभेटी घेणाऱ्या काही परिचारिका व आशा, सोलापूर