संकलन चोख म्हणजे नक्की काय हो?

संपादक साहेब, नमस्कार.

मी कोल्हापुरात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या पुरवणीतलं सिनेमाचं परीक्षण न चुकता वाचते, म्हणजे खरं सांगायचं तर आधी स्टार मोजते आणि मग वाचते. पाऊण कॉलम स्टोरी, मग कुणी कसं काम केलंय, आणि शेवटी ती ठरलेली ओळ, छायाचित्रण उत्तम, संकलन चोख, पार्श्वसंगीत साजेसं. हे पत्र त्या एका ओळीपायीच, त्यातही संकलन म्हणजे शॉट कापून जोडायच्या कामापायी, लिहितेय.

आम्हाला या सेमिस्टरला कुलेशोव्ह इफेक्ट आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हनं मोजुखिन नावाच्या नटाचा एकच चेहरा घेतला, हावभाव काही नाहीत, आणि तोच चेहरा कधी सूपच्या प्लेटला, कधी शवपेटीतल्या बाईला, कधी खेळणाऱ्या लहान मुलीला जोडून दाखवला, तर लोकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख, कधी आनंद दिसला, आणि लोक म्हणे नटाच्या अभिनयावर फिदा. मूळ फिल्म आता नाहीच, त्याचा शिष्य, दिग्दर्शक पुडोवकिननं लिहून ठेवलंय त्यावरून सगळे सांगतात, म्हणून काही नोट्समध्ये मुलीच्या जागी सोफ्यावर पहुडलेली बाई पण सापडते. आमच्याकडं ही टीप पाच मार्कांना. पाठ करा, लिहा, विसरा.

मी म्हटलं करूनच बघू की. काकाला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं दोन मिनिटं भिंतीकडं बघ, काही करू नको. मग मोबाईलवरच तीन क्लिपा जोडल्या, चेहरा तोच, पण एकीत तांबड्या रश्श्याची वाटी, एकीत हार घातलेला आजोबांचा फोटो, एकीत शेजारचं पोरगं गाडी खेळतंय. गल्लीत फिरून प्रत्येकाला एकच क्लिप दाखवली. आजीनं फोटोवाली बघितली आणि पदर डोळ्याला लावला, "बापाची आठवण येतीया गं त्याला." मैत्रिणीला रश्श्यावाली दाखवली तर लगेच म्हणाली, भूक लागलीय बिचाऱ्याला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणं. पण तीच रश्श्यावाली समोरच्या काकूंना दाखवली तर त्या हसायलाच लागल्या, "त्याला कसली भूक, पित्त हाय त्याला, बायकोनं तिखट बंद केलंय, भ्यालाय त्यो." आणि काकानं तिन्ही बघून मलाच विचारलं, एक्स्प्रेशन बदललेत ते कळतंय ना नीट?

तिथं माझं डोकं चालायला लागलं. काकू काकाला वीस वर्षं ओळखतात म्हणून त्यांना भुकेच्या जागी भीती दिसली. मग मोजुखिन तर रशियात तेव्हा मोठा स्टार होता, त्याला बघणाऱ्या लोकांनी त्या कोऱ्या चेहऱ्यात पदरचं किती घातलं असेल? हे मी प्रोजेक्टमध्ये दोन पानं लिहिलं. लाल पेनानं शेरा आला, विषयांतर.

दुसरी गोष्ट घरातलीच. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा सिनेमा पप्पांबरोबर लॅपटॉपवर बघत होते. त्यात शेवटाकडं कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होत जातात, कॅमेरा मात्र हलत नाही आणि स्क्रीन अंधारात तशीच राहते. पप्पा उठले, चप्पल पायात घातली, "संपला वाटतं." आणि मग सिनेमा पुढं सुरू झाला, ते जजसाहेब सुट्टीवर, रिसॉर्टात. पप्पा उभ्याउभ्याच बघत राहिले आणि नंतर जेवताना अर्धा तास त्या जजवर बोलत होते, केसवर एक शब्द नाही. आता सिनेमा संपला असं वाटायला लावून मग जज दाखवायचा हे कुणीतरी ठरवूनच केलं असणार ना, एवढा वेळ अंधार ठेवायचा हेही मोजूनच. चोख म्हणजे हे, असं मला वाटतं, पण हे मला कुठल्या परीक्षणात वाचायला मिळालं नाही.

खरं तर आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२० ला 'सैरंध्री' काढला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ज्याच्या समोरून मी रोज कॉलेजला जाते, आणि आम्ही सिनेमा शिकतो तो पीडीएफमधून, कानात इअरफोन घालून, एकेकटं. चार माणसांत बसून बघितल्याशिवाय कोण कुठं हसलं, कोण कुठं मोबाईल काढला हे कळणार कसं? कॉलेजचा प्रोजेक्टर पहिल्या वर्षापासून बंद आहे, त्याचं जाऊ द्या, तो तुम्ही दुरुस्त करू शकत नाही.

पण पुरवणी तुमच्या हातात आहे. स्टोरी थोडी कमी सांगा, तशीही ट्रेलरमध्ये कळलेली असते. त्या जागेत दर आठवड्याला एकच शॉट घ्या, कॅमेरा कुठं ठेवला होता, कट कधी मारला, आवाज कुठं काढून घेतला, आणि शक्य झालं तर थेटरात शेजारी बसलेल्या माणसानं तेव्हा काय केलं. आठ-दहा ओळी पुरे. लिहायला कुणी नसेल तर पहिल्या चार आठवड्यांचं मी लिहून देते, मानधन नको, फक्त एकदा काकाचा फोटो छापा, तो रोज विचारतोय.

आपली,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर