भयकथेच्या शेवटच्या पानावर मांत्रिक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांत भयकथा छापल्या जातात, रविवारच्या पुरवण्यांत येतात, आणि मोबाइलवर ऐकायच्या भयकथांनाही आता मोठा श्रोतृवर्ग आहे. पण त्यांतल्या पुष्कळ कथा शेवटी एकाच उंबऱ्यावर येऊन थांबतात. घरातलं माणूस झपाटतं, बाकीचे हतबल होतात, आणि शेवटच्या दीड पानात कुणी मांत्रिक, भगत किंवा बाबा येतो, अंगारा फुंकतो, लिंबू कापतो आणि कथा आटोपते. ज्या माणसांबरोबर आपण वीस पानं घाबरलो, ती ऐन वेळी कोपऱ्यात हात जोडून उभी असतात. त्यांच्या वाट्याला धैर्य येतच नाही. भयकथेवर जीव असलेल्या वाचकाला हे लागतं, म्हणून हे पत्र.

अमानवी शक्तीशी सामना कसा लिहावा, याचा उत्तम धडा आपल्या घरातच आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेतालाच्या गोष्टी येतात. त्यातला राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पुढे लोकांच्या तोंडी तो विक्रम झाला. क्षांतिशील नावाचा भिक्षू दहा वर्षं त्याला रोज एक फळ आणून देतो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटतं, आतून रत्न निघतं, आणि राजाच्या लक्षात येतं की या माणसाचे आपल्यावर केवढे उपकार झाले. त्या ऋणापोटी तो कृष्ण चतुर्दशीच्या रात्री तलवार घेऊन एकटा स्मशानात जातो. भिक्षूने सांगितलेलं काम एवढंच, की शिंशपेच्या झाडाला लटकलेलं प्रेत खांद्यावर घालून आणायचं.

आता लेखकाने पावलं कशी टाकली आहेत ते पाहा. राजा झाडावर चढतो, दोर कापतो. प्रेत खाली पडतं आणि दुखल्यासारखं ओरडतं. राजाला वाटतं, माणूस जिवंत आहे. तो खाली उतरून दयेने त्याच्या अंगावरून हात फिरवतो. तेवढ्यात प्रेत खदखदून हसतं. राजा विचारतो, का हसतोस? हे शब्द तोंडातून निघताच प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे तोंड उघडलं की केलेलं काम वाया जातं, हा नियम वाचकाला उपदेशातून कळत नाही, राजाच्या चुकीतून कळतो. शिवाय ती चूक भीतीपोटी झालेली नाही, माणुसकीपोटी झाली आहे.

त्यानंतर त्या प्रेतात शिरलेला वेताल दर खेपेला एक गोष्ट सांगून शेवटी कोडं घालतो, आणि दुसरी अट घालतो: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललं तर प्रेत जातं, न बोललं तर प्राण. राजाला उत्तर येत असतं, म्हणून तो देतो, आणि पुन्हा मागे जाऊन तेच झाड चढतो. असं तेवीस वेळा. त्यात एकदाही तलवार चालत नाही. शौर्य आहे ते तेविसाव्यांदा मागे वळण्यात. चोविसाव्या गोष्टीतलं कोडं असं, की बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. मग दोन्हीकडच्या मुलांचं एकमेकांशी नातं कोणतं? राजाला खरंच उत्तर सापडत नाही. तो मुकाट चालत राहतो, आणि गप्प राहणं इथे पहिल्यांदाच प्रामाणिक ठरतं. नियम सुरुवातीला घालून दिला होता म्हणून शेवटचं मौन एवढं वजनदार होतं. कोडं ऐनवेळी काढलं असतं तर ते नुसती चलाखी वाटलं असतं.

आणि इथेच ती कथा आजच्या मांत्रिक-छाप कथांच्या बरोबर उलट वळते. वेताल राजाला सांगतो की खरा धोका तुला माझ्यापासून नाही, वडाखाली मंडल आखून बसलेल्या त्या क्षांतिशीलापासून आहे; तो तुला साष्टांग दंडवत घालायला सांगेल आणि मान कापेल. तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला दंडवत येत नाही, आधी तू करून दाखव. क्षांतिशील वाकतो आणि राजाची तलवार त्या रात्री पहिल्यांदाच माणसावर चालते. हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाला कळलं होतं की मंत्र जाणणारा माणूसच सगळ्यात घातक असू शकतो. आपण मात्र त्यालाच शेवटच्या पानावर देवदूत करून आणतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि वर्तमानपत्राने तिचा विचार करायलाच हवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, तापलेल्या वस्तूचे चटके देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. कथेत काय दाखवावं यावर कायद्याने बंधन घालावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. क्रौर्य दाखवायला भयकथा आहेच. पण सुनेला खांबाला बांधून धुरी देण्याला कथाच ‘उपाय’ म्हणते आणि सून त्यातून बरी होऊन उठते, तेव्हा कथेची नजर छळणाऱ्याच्या बाजूला गेलेली असते. त्या खोलीत धैर्याचं माणूस शोधायचं तर ते दोर सोडणारं असेल.

परदेशी उदाहरण घ्यायचं तर ‘ड्रॅक्युला’ पुन्हा उघडावी. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये आली. सिनेमांमुळे लोकांच्या डोक्यात काळा झगा आणि सुळे राहिले. मूळ पुस्तकात पानोपानी हिशेब आहे. ड्रॅक्युला या रक्तपिपासू पिशाचाला दिवसा विसावायला आपल्या देशाची माती लागते, म्हणून तो मातीच्या ५० पेट्या जहाजाने इंग्लंडला आणतो. त्याच्या मागावरची माणसं हमालांना आणि गाडीवाल्यांना गाठून पेट्यांचा ठावठिकाणा काढतात: कारफॅक्सच्या जुन्या घरात २९ उरल्या, लंडनच्या वस्त्यांत सहा माइल एंडला गेल्या, सहा बर्मंडसीला, नऊ पिकॅडिलीच्या घरात. एकेक पेटी उघडून आतली माती ते पिशाचासाठी निरुपयोगी करतात. पिकॅडिलीत मोजणी होते तेव्हा नऊऐवजी आठच भरतात. त्या हरवलेल्या एका पेटीमुळे सगळ्यांना थेट त्याच्या मुलखापर्यंत, ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत, धावावं लागतं. कुठल्याही किंकाळीपेक्षा ही एक पेटी जास्त भीती घालते, कारण आकडा आधीपासून वाचकाच्या हातात असतो.

उपाय कसा फसतो, हेही त्या कादंबरीत शिकण्यासारखं आहे. पिशाच जिचं रक्त पितं त्या ल्यूसी नावाच्या तरुणीच्या खोलीत व्हॅन हेल्सिंग हा जाणकार डॉक्टर लसणीची फुलं आणतो, खिडकीच्या चौकटीला, दाराला, शेकोटीभोवती चोळतो, तिच्या गळ्यात हार घालतो. उपाय बिनचूक असतो. पण ल्यूसीच्या आईला हृदयविकार, तिला धक्का नको म्हणून कुणी काही सांगितलेलं नसतं. ती मायेने रात्री खोलीत येते, वास कोंदलाय म्हणून फुलं काढते आणि खिडकी उघडते. चूक भल्या माणसाच्या हातून होते, तिचं कारण लपवालपवीत असतं. पुढे पुरुषमंडळी हीच चूक ल्यूसीची मैत्रीण मीना हिच्या बाबतीत करतात. तिला जपायचं म्हणून बेतातून बाहेर ठेवतात, आणि पिशाच नेमकं तिच्याकडे पोचतं.

मीना हे त्या कादंबरीतलं खरं धैर्य. सगळ्यांच्या डायऱ्या आणि टिपणं तिने टाइप करून तारखेनुसार लावलेली असतात. पिशाच मूळ कागद जाळतं तेव्हा तिजोरीतल्या प्रतीमुळे सगळं वाचतं. पिशाचाच्या चाव्याने स्वतः डागाळल्यावर ती रडत बसत नाही. पहाटेच्या वेळी मला संमोहित करा, असं ती स्वतःहून सांगते. त्याचं मन माझ्यापर्यंत येतं, तर माझंही त्याच्यापर्यंत जाईल. त्यातून पाण्याचे आवाज ऐकू येतात आणि तो जहाजावर आहे हे कळतं. पुढे कुठल्या नदीने तो वर गेला असेल याचा तर्कही तीच कागदावर मांडते. मी पिशाच झाले तर मला मारा, असं वचन ती सगळ्यांकडून घेते. पिशाचाने केलेली जखमच तिने त्याच्यावर उलटवली आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रसंग आहे तो ज्यात विजय होतच नाही. पेट्या आणणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजावरचे खलाशी एकेक करून नाहीसे होतात. शेवटचा सोबती समुद्रात उडी घेतो. कप्तान एकटा उरतो. तो हात सुकाणूच्या चाकाला बांधून घेतो, मध्ये क्रूस आणि जपमाळ. जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरात शिरतं तेव्हा तो मेलेला असतो. दोर मांसात घुसून हाडापर्यंत गेलेला. पाहणाऱ्यांच्या लक्षात येतं की गाठी त्याने स्वतःच मारल्या आणि दातांनी ओढून घट्ट केल्या. खिशातल्या बाटलीत त्याची नोंद सापडते. त्याला पिशाच मारता येत नव्हतं. जहाज सोडायचं नाही आणि काय घडलं ते लिहून ठेवायचं, एवढं त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने पुरं केलं. दातांनी ओढलेल्या त्या गाठीत जे आहे ते दहा पानांच्या मंत्रोच्चारात येत नाही.

कुणी म्हणेल, व्हॅन हेल्सिंगही बाहेरून आलेला जाणकारच की. खरं आहे, आणि ड्रॅक्युलाच्या वाड्यातल्या तिघी पिशाच्चिणींना तो स्वतःच संपवतो. पण तो चुकतो, थकतो, त्याच्या मौनाची किंमत इतरांना पडते. मुख्य म्हणजे तो हत्यार दुसऱ्यांच्या हाती देतो. ल्यूसी मरून पिशाच होते, त्या वेळी जवळपास तीन फूट लांब, अडीच-तीन इंच जाडीचा, टोक आगीत भाजून टणक केलेला खुंटा तयार असतो, आणि तो ठोकायचा असतो तिच्या वाग्दत्त वराला. शेवटी ६ नोव्हेंबरला, सूर्य बुडायला काही क्षण उरलेले असताना, ड्रॅक्युलावर सुरे पडतात ते मीनाचा नवरा जोनाथन आणि त्यांचा सोबती क्विन्सी यांचे. क्विन्सी त्याच झटापटीत जखमी होऊन मरतो. जाणकार असावा, पण त्याने शिकवावं आणि बाजूला व्हावं.

आपल्याकडच्या भुतांना नियम कमी नाहीत. मुंजा पिंपळ सोडत नाही. हडळीची पावलं उलटी. चकवा लागला की माणूस गोल फिरून त्याच जागी येतो. हे सगळं आपण नुसतं वातावरण म्हणून वापरतो. उलट्या पावलांचा सरळ अर्थ असा की माग काढणारा माणूस तिच्यापासून लांब जात राहील, आणि ज्याच्या हे ध्यानात येईल त्याला माग उलटा काढावा लागेल, म्हणजे पाठ फिरवून तिच्याकडे चालावं लागेल. एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कथा उभी राहू शकते. मुंजा झाड सोडत नसेल तर पारापासून किती पावलांवर माणूस सुरक्षित आहे? ती हद्द कुणाला, कशी कळली? आणि कुणाचं तरी मूल हद्दीच्या आत राहिलं असेल तर? धैर्य या प्रश्नांतून येतं, आणि त्यासाठी नायक पैलवान असण्याची गरज नसते.

लिहिणाऱ्यांनी एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ फरक पडेल. ज्या उपायाने पिशाच हटणार आहे, तो कथेच्या पहिल्या तृतीयांशात वाचकाला दिसलेला असावा, आणि तो एकदा तरी फसलेला असावा. पहिल्यांदा का फसला हे नायकाला कळलं, की दुसऱ्यांदा तेच करायला जाण्यात भीती आणि हिंमत दोन्ही येतात. उपाय शेवटी उगवला तर वाचकाला काळजी करायला जागाच उरत नाही. तसंच सामन्यानंतर काहीतरी कायमचं गेलेलं हवं: हात, आवाज, घर, एखादं नातं. सकाळी सगळे मिळून चहा पिताना दिसले की रात्र खोटी पडते.

संपादकांकडे दोन मागण्या. भयकथा स्वीकारताना लेखकाकडून वेगळ्या कागदावर तीन ओळी मागवाव्यात: या पिशाचाला काय करता येतं, काय करता येत नाही, आणि सामना करणाऱ्याचं काय गेलं. ज्याला या ओळी लिहिता येत नाहीत त्याची कथा अजून कच्ची आहे, ती परत पाठवावी. दुसरी शब्दमर्यादेची. हजार-बाराशे शब्दांत नियम, फसलेला उपाय आणि सामना हे तिन्ही मावत नाही, आणि जागा संपत आली की लेखक मांत्रिकाला हाक मारतो. दिवाळी अंकात तरी भयकथेला चार हजार शब्द द्यावेत. कथा कमी छापल्या तरी चालतील.

आपला,
भयकथांचा एक वाचक
सातारा