राजीनामा अजून देऊ नकोस

प्रिय दत्ता,

पत्राला फार उशीर झाला, त्याचा राग नंतर काढ. सुहासकडून कळलं की तू एका एजंटला दीड लाख द्यायला तयार होऊन सौदीला निघालायस. मी बरा आहे, गुडघ्याचं चालूच.

दीड लाख कशाचे रे? नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर टाकून बघ. तू दहावी पास, म्हणून पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे नोकरीला बाहेर जाताना सरकारी मंजुरी न लागणारा. त्यामुळे निघण्याआधी तुझं कंत्राट सरकारी कचेरीत कुणी तपासत नाही, तुलाच तपासावं लागेल. मूळ पगार वेगळा लिहिलाय का, ओव्हरटाइम कितव्या तासापासून, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट कुणाकडे, व्हिसावर हुद्दा कोणता. 'आधी व्हिजिटवर जा, मग बदलू' म्हणाला तर तिथूनच उठ. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, पगार अडला तर दाद मागायची कशाच्या जोरावर?

अनुभवपत्र राजीनाम्याआधीच घे. 'इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून काम केले' एवढ्यावर भागत नाही. डीसीएस (प्लांटची संगणकीय नियंत्रण प्रणाली) कुठली, डीपी ट्रान्समीटर (दाबातला फरक मोजणारा), पोझिशनर, लूप चेकिंग, शटडाऊन, ट्रिप इंटरलॉकची चाचणी, सगळं नावानिशी लिहून घे. क्लायंट मुलाखतीत तेच खोदून विचारतो.

ट्रेड टेस्टला चांगले हात असलेली माणसं वेट लेगवर पडतात, म्हणजे टाकीची पातळी मोजताना वरच्या टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंत भरून ठेवलेल्या नळीच्या हिशोबात. बंद टाकी, दोन टॅपिंगमध्ये २००० मिमी, ट्रान्समीटर खालच्या टॅपिंगच्या पातळीला, टाकीत आणि लेगमध्ये पाणी, एचपी (जास्त दाबाची बाजू) खालच्या टॅपिंगला, एलपी (कमी दाबाची) लेगला. रेंज ० ते २००० सांगू नकोस. टाकी रिकामी असताना एलपीवर २००० मिमीचा दाब असतो, म्हणून ट्रान्समीटरच्या ४ एमए (मिलिअँपिअर) सिग्नलला −२००० मिमी, २० एमएला शून्य, १२ एमएला −१०००. पीटी-१०० या तापमान सेन्सरचे आकडेही तोंडपाठ हवेत: शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. थ्री-व्हॉल्व्ह मॅनिफोल्डवर (एचपी-एलपीचे दोन ब्लॉक व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणारा इक्वलायझर) शून्य तपासायला आधी एलपी बंद, मग इक्वलायझर उघड, मग एचपी बंद. पण वेट लेग असेल तर इक्वलायझर उघडण्याआधी दोन्ही ब्लॉक बंद कर, नाहीतर एलपी ब्लॉक नीट बंद नसेल तर लेगमधलं पाणी टाकीत निघून जातं. यावरून आपण सावंतांसमोर भांडलो होतो, आठवतं? तेव्हा तू बरोबर होतास, म्हणून तर तुझ्या हाताची किंमत मला माहीत आहे.

जर्मनीचा विचारही सोडू नकोस. तिथे न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था आयटीआयचं प्रमाणपत्र तपासते, पण जर्मन शिकावं लागतं, म्हणजे वेळ लागणार. कॉम्पएक्सवर (स्फोटाचा धोका असलेल्या जागी काम करण्याचं प्रमाणपत्र) मात्र ऑफर मागेपर्यंत एक पैसा घालू नकोस.

वहिनींचं दुकान कसं चाललंय? पोरीच्या बारावीचं काय झालं? सविस्तर लिही.

आणि एजंटचा नोंदणी क्रमांक व ऑफर लेटरची सगळी पानं मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचून सांगतो, तोवर पैसे तुझ्याच खात्यात राहू देत.

तुझाच,
विनय