बाबांसाठी घरी येणाऱ्या सिस्टरांना, मनापासून

सिस्टर,

तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. त्या दिवसांत थँक्यू थँक्यू तर रोजच म्हणत होतो पण ते दारापर्यंत सोडायला येताना म्हणतात तसं, तुम्ही आमच्यासाठी नक्की काय केलंत ते सांगायला तेव्हा डोकंच जागेवर नव्हतं. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण ज्यांच्या घरी आत्ता असा पेशंट आहे त्यांनाही कळू दे की पॅलिएटिव्हची, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी, टीम घरी येते आणि अगदी शेवटच्या आठवड्याची वाट न बघता तिला आधीच बोलवायचं असतं.

हॉस्पिटलमधून "आता घरी न्या" सांगितलं तेव्हा आमच्या हातात एक फाईल आणि औषधांची पिशवी, बस. घरी न्या म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही असंच आम्ही समजलो होतो. तुम्ही आलात, बाबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसलात आणि बीपी बघायच्या आधी विचारलंत, "काका, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" बाबा म्हणाले, "मरायची नाही वाटत, दम कोंडायची वाटते." त्यांच्या मनात हे होतं हे आईलासुद्धा माहीत नव्हतं. मग तुम्ही त्यांनाच समजावलंत, आम्हाला बाजूला घेऊन नाही. दम लागला की उशा लावून बसतं करायचं, खिडकी उघडायची, छोटा पंखा गालावर वारा लागेल असा धरायचा, आणि मॉर्फीनचा, म्हणजे जोरदार दुखण्यावर देतात त्या औषधाचा, अगदी लहान डोस दम लागल्याची ती घाबरवणारी जाणीव कमी करतो, तो डॉक्टरांशी बोलून लगेच लिहूनही घेतलात. त्या रात्री बाबा बऱ्याच दिवसांनी आडवे होऊन झोपले.

मॉर्फीन म्हटल्यावर दादा घाबरलाच होता, सवय लागेल, त्यानेच लवकर जातील वगैरे. तुम्ही चिडला नाहीत. दुखण्याच्या मापात दिलं आणि हळूहळू वाढवलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, सुरुवातीला झोप येते ती काही दिवसांत कमी होते, पण बद्धकोष्ठ मात्र हटत नाही म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू, हे सगळं परत परत सांगितलंत. दुखायची वाट बघायची नाही, दर ४ तासांनी घड्याळ बघून द्यायचं आणि मध्येच उसळलं तर वरचा डोस वेगळा. बाबांनी विचारलं हे कोणी शोधून काढलं, तेव्हा तुम्ही सिसिली सॉन्डर्सबद्दल सांगितलंत, आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झालेल्या, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, ठरल्या वेळी औषध देण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि १९६९ पासून त्यांची टीम पेशंटच्या घरी जायला लागली. बाबांना ते इतकं आवडलं की येईल त्याला सांगायचे, आमच्या सिस्टर त्यांच्यातल्या आहेत म्हणून.

कूस बदलायला शिकवलंत ते तर मी कधीच विसरणार नाही. दादालाच बेडवर झोपवलंत, खाली चादरीची आडवी घडी घातलीत, एक गुडघा वाकवायचा, चादर दोघांनी धरून आपल्याकडे ओढायची, पाठीमागे उशी, टाचा अधांतरी. दादा म्हणाला आता कळलं कुठे टोचतं ते. एअर बेड असला तरी कूस बदलायचीच हे तुम्ही बजावलं होतंत, आणि बाबांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

पण खरा आधार कशाचा झाला सांगू, तुम्ही सगळं आधी सांगून ठेवलंत. जेवण सुटेल, ते उपाशी राहतायत म्हणून जात नाहीयेत, शरीर बंद होत चाललंय म्हणून भूक जातेय, तेव्हा घास कोंबू नका, तोंड फक्त ओलं ठेवा. (आईला हे पटायला सगळ्यात जड गेलं. तुम्ही तिच्या बोटाला ओलं गॉज गुंडाळून दिलंत आणि ओठ, हिरड्या पुसायचं काम तिचं असं ठरवून टाकलंत, मग ती शांत झाली.) हातपाय गार पडतील, निळसर चट्टे दिसतील, श्वास मध्येच थांबून परत सुरू होईल, घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, पेशंटला बहुतेक जाणवत नाही, कुशीवर वळवा. डोळे मिटलेले असले तरी बोलत राहा, ऐकू येत असेल असंच धरून चाला.

आणि हे अगदी तसंच झालं. रात्री घरघर सुरू झाली तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलवायला कोणी धावलं नाही. कपाटाच्या दारावर तुम्ही लावलेला कागद होता, आधी कुठलं औषध, मग फोन कोणाला, आणि खाली बाबांच्या सहीने लिहिलेलं की आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको. नंतर सर्टिफिकेटसाठी कुठले डॉक्टर येणार हेही तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतंत, ऐन वेळी ती धावपळ कोणालाच करावी लागली नाही. आम्ही तिघं बाबांजवळ बसू शकलो, आई त्यांच्याशी बोलत होती, मी पाय चोळत होते.

तुम्ही मला विचारायचात, "तू जेवलीस का, झोपलीस का", आणि रात्रीच्या पाळ्या लावायला लावल्यात, नाहीतर मी एकटीच जागत बसले असते. सगळं झाल्यावरही तुमचा फोन आला, तोपर्यंत बाकीचे फोन थांबले होते. उरलेलं मॉर्फीन मोजून परत दिलं, बेड दुसऱ्या पेशंटकडे गेला. आईचा निरोप आहे, तिची झोप आता बरी आहे आणि तुम्ही सांगितलेल्या ग्रुपला ती जायला लागलीये.

तुमची,
काकांची मुलगी